रविवारची प्लेट

जंतूंना रविवारची सुट्टी नसते. गुरुवारी घेतलेला नमुना शुक्रवारी प्लेटवर लावला, तर शनिवारी त्यावर काहीतरी उगवतं आणि रविवारी ते नक्की काय आहे ते कळतं. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये रविवारी सकाळी कुणीतरी येऊन प्लेटा बघाव्याच लागतात. ते कुणीतरी म्हणजे मी. सुरुवातीला पाळ्या लावायचं ठरलं होतं. पण एकीच्या घरी पाहुणे, दुसरीच्या भाच्याचं जावळ, तिसऱ्याला मटणाच्या रांगेत उभं राहायचं. कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभं राहणं हे देवळात जाण्याइतकंच पवित्र काम असतं, त्याला नाही कसं म्हणणार? एकदा मी सहज बोलून गेले, "राहू दे, मी येते. मला काय, मी एकटीच." ते वाक्य सगळ्यांनी इतकं झटकन उचललं की पाळ्यांचा कागदच भिंतीवरून गेला. त्याला आता सतरा वर्षं झाली. रविवारी कामाला यावं लागतं याचा मला राग येत नाही. 'मला काय' हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले, त्याचा अजून येतो.

कळंब्याहून सिटी बसने यायचं, शटर निम्मंच वर करायचं (पूर्ण उघडलं की लोक रक्त द्यायला चढून येतात), चहाचं आधण ठेवायचं आणि इनक्युबेटरचं दार उघडायचं. आमची लॅब स्टँडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे. इतर दिवशी तिथे इतका गलका असतो की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. रविवारी फ्रिजची घरघर तेवढी असते. मी प्लेटांशी बोलते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. घरी गेल्यावर तरी बोलायला कोण बसलंय?

ही हकीकत गेल्या वर्षीच्या एका रविवारची.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात करायची एक तपासणी आहे. आमच्याकडे सगळे डॉक्टर ती सांगत नाहीत, अलीकडे काहीजण सांगू लागलेत. कापूस गुंडाळलेली काडी योनीच्या तोंडाशी आणि गुदद्वाराशी फिरवून नमुना घ्यायचा आणि त्यात एक ठरावीक जंतू आहे का ते बघायचं. हा जंतू कितीतरी बायकांच्या अंगात निवांत राहतो. बाईला त्याचा काही त्रास नसतो. स्वच्छतेशी, वागणुकीशी त्याचा काही संबंध नसतो. आज असतो तर दोन महिन्यांनी नसतोही. पण बाळ त्याच वाटेने बाहेर येतं. बहुतेक बाळांना काही होत नाही. एखाद्याला होतं, आणि ज्याला होतं त्याला बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच होतं, फार झपाट्याने. यावरचा उपाय साधा आहे. आईला कळा सुरू झाल्या की शिरेतून पेनिसिलिन द्यायचं, बाळ जन्मायच्या आधी चार तास तरी. म्हणजे ज्या दवाखान्यात ती बाळंत होणार, तिथल्या माणसांना आधीच माहीत असलं पाहिजे. रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहिला, तर ती तपासणी केली काय आणि न केली काय, सारखंच.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी एक मायलेकी जिना चढून आल्या. मुलगी एकवीस-बावीसची, हातात हिरवा चुडा, पायांना सूज. आई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, डोक्यावर पदर, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात फुगलेली कापडी पिशवी. मुलीचं सासर इचलकरंजीत, नवरा मागावर कामाला. माहेर मलकापूरजवळच्या खेड्यात. आई तिला पहिल्या बाळंतपणासाठी घेऊन चालली होती. इचलकरंजीच्या डॉक्टरांनी निघताना चिठ्ठी दिली होती, की कोल्हापुरात गाडी बदलताना एवढी तपासणी करून पुढे जा.

"सातव्यातच आननार हुतो की हिला," मी काही न विचारताच आई सांगू लागली. "पर हिच्या सासूचं गुडघं दुखाय लागलं. मग आठवा लागला. आठव्यात कोन भाईर काढतंय व्हय? आता नववा लागल्या लागल्या आनली बघा."

मी मुलीला पडद्याआड घेतलं. ती लाजून अर्धी झाली होती. बाहेरून आईचा आवाज आला, "लई दुखंल का वो, मॅडम?"

"काडी आहे ताई, तलवार नाही," मी म्हणाले. मुलगी खुदकन हसली आणि तेवढ्यात माझं काम झालं.

इथवर सगळं ठीक होतं. मी फॉर्म भरायला घेतला. मुलीने नाव सांगितलं, नवऱ्याचा मोबाईल नंबर सांगितला. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, तो सासूकडे राहिला होता. आई खुर्चीवर बसून पिशवीतली लहान लहान झबली मला दाखवायला लागली. जुन्या मऊ लुगड्याची शिवलेली. मी "छान" म्हणाले. मग तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "आमच्या गावात समद्यांच्या बाळास्नी मीच न्हाऊ घालतो की. आता माझ्या लेकीच्या बाळाला घालायचं. कवाधरनं वाट बघाय लागलोय."

ते हात बघितले आणि त्या दोघी तिथून लवकरात लवकर निघून जाव्यात असं मला झालं. का ते पुढे सांगते. मी फॉर्मवर सही घेतली, "रविवारी रिपोर्ट येईल, मोबाईलवर पाठवू," असं म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. फॉर्मवर 'बाळंतपण कुठे होणार' असा रकाना नाही. तो प्रश्न मी तोंडाने विचारते. दरवेळी विचारते, कारण आमच्या मुलखात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. फाईल सासरी राहते आणि पोट माहेरी जातं. लॅबमधल्या नव्या मुलींना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की त्या माझी नक्कल करतात. त्या दिवशी मी स्वतःच विचारलं नाही.

शनिवारी त्या प्लेटवर बारीक करड्या ठिपक्यांची रांगोळी उठली होती. प्लेटमध्ये मेंढीचं रक्त घातलेली जेली असते, लालभडक. ठिपक्यांभोवती तो लाल रंग जरासा विरळ झाला होता. शंका मला तेव्हाच आली. खात्रीसाठी एक जुनी रीत आहे. ताज्या प्लेटवर दुसऱ्या एका माहितीतल्या जंतूची उभी रेघ ओढायची आणि संशयिताची आडवी, तिला अगदी चिकटू न देता. आपल्याला हवा तोच जंतू असेल, तर दोन्ही रेघा जिथे जवळ येतात तिथलं रक्त विरून बाणाच्या टोकासारखी खूण उठते. तशी प्लेट लावून मी शनिवारी घरी गेले.

रविवारी साडेनऊला ती उजेडासमोर धरली. बाण असा उमटला होता की कुणी कोरून काढावा.

मी आधी आमच्या डॉक्टरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, फोन लावला. ते सांगलीला लग्नात होते. मागे सनई आणि पाहुण्यांचा गोंगाट. "पॉझिटिव्ह ना? उद्या सही करतो, पाठवू," ते म्हणाले. "अजून महिना आहे तिला." ते काही चुकीचं बोलत नव्हते. इचलकरंजीच्या डॉक्टरांचा फोन बंद लागला, रविवार होता. आता खरं तर मी हात धुऊन घरी जायला हरकत नव्हती. पण गुरुवारी मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. मी पोरीच्या नवऱ्याला फोन लावला. तीनदा वाजून वाजून बंद पडला. मागाच्या शेडमध्ये फोन वाजलेला कुणाला ऐकू जाणार? चहाचा कप घेऊन मी खिडकीशी उभी राहिले, आणि मला अव्वा आठवली. खरं तर गुरुवारपासूनच ती माझ्या मागे मागे हिंडत होती.

माझं माहेर गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकच्या शिवेवर. तिथे आम्ही आईला अव्वा म्हणायचो. अव्वाला गावात मान होता तो बाळांना न्हाऊ घालण्यासाठी. पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब सोडायची, पायांवर बाळ पालथं घ्यायची आणि पाण्यात कोपर बुडवून बघायची. कोपराला सोसलं तरच तांब्या भरायचा. गावात कुणाकडेही बाळ आलं की पहिली हाक अव्वाला. मी पहिल्या बाळंतपणाला गेले, तेव्हा तिने महिनाभर आधी न्हाणीतल्या फरशीचे टवके सिमेंटने बुजवून घेतले होते, माझा पाय घसरू नये म्हणून.

मला मुलगी झाली. तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्यात झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी आलो. अव्वाने तिला न्हाऊ घातलं, धुरी दिली, माझ्या कुशीत आणून ठेवलं. दुपारपासून तिने प्यायचं सोडलं. श्वास भरभर चालू लागला, कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, हातपाय गार पडले. गाडी मिळवून आम्ही निघालो. दवाखाना यायच्या आधीच, उन्हं अजून अंगावर असताना, सगळं संपलं.

माझी सासू आली, ती उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "पानी गार हुतं काय?"

त्या दिवसानंतर अव्वाने कुणाच्याही बाळाला हात लावला नाही. बोलवायला आलेल्यांना ती हात दुखतो म्हणून सांगायची. पुढे लोकांनी बोलावणंच सोडलं.

मला पुन्हा मूल झालं नाही. संसारही फार टिकला नाही; नवऱ्याने दुसरं घर केलं आणि मी कोल्हापूरला येऊन लॅबचा कोर्स केला. शिकताना एक दिवस पुस्तकात या जंतूचं पान आलं. मी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. माझ्या मुलीचा दुसरा दिवस तिथे ओळीने लिहिलेला होता. तिचं रक्त कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे हाच जंतू होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पाणी गार नव्हतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

अव्वा त्यानंतर अकरा वर्षं होती. मी तिला सांगितलं नाही.

मी सुट्टीला जायचे. आम्ही दोघी सोप्यात बसून शेंगा फोडायचो. एकदा तिने आपणहून विषय काढला. शेंगेवरची नजर न उचलता म्हणाली, "त्या दिशी कोपर घालून बघितलं हुतं गं म्या पानी." मी म्हणाले, "जाऊ दे अव्वा आता ते." माझ्या त्या 'जाऊ दे'चा अर्थ तिने माफी असाच घेतला असणार. चूक तिची नव्हतीच, तर माफी कसली? पण मी तेवढ्यावर तोंड मिटून घेतलं. कारण बाळाला तो जंतू आईकडूनच मिळतो. अव्वाला मोकळं करायचं, तर तो माझ्या अंगातून गेला हे मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. यात आईचा काही दोष नसतो, हे मी आजवर कितीतरी बायकांना समजावलंय. ते मला स्वतःला समजावता आलं नाही. मी भित्री निघाले, आणि माझ्या वाटणीचं दुःख तिच्या हातांवर तसंच राहू दिलं. ती गेली तेव्हा मी ते हात बघितले होते. शेंगांनी तळवे काळे पडलेले होते.

चौथ्यांदा लावलेला फोन पोरीच्या नवऱ्याने उचलला. मागांचा खडखडाट इतका की मला कानापासून फोन लांब धरावा लागला. "थांबा, भाईर येतो," तो ओरडला. आवाज जरा कमी झाला. मी लॅबचं नाव सांगितलं.

"रिपोर्ट व्हय? नार्मल हाय न्हवं?"

"घाबरायचं काही नाही. पण तिला कळा सुरू झाल्या की एक इंजेक्शन द्यावं लागेल. ती कुठल्या दवाखान्यात नाव घालणार आहे?"

तो म्हणाला, "आवो मॅडम, तिला पहाटेपासनं दुखाय लागलंय. सासूबाईंचा फोन आल्ता. मलकापुरात नेलंया म्हनं. मी पाळी सुटली की निघनार हाय."

नववा नुकता लागलेला. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाला तर धोका जास्तच. घड्याळात दहा वाजून गेले होते. "कुठल्या दवाखान्यात? सासूबाईंचा नंबर द्या," मी म्हणाले. दवाखान्याचं त्याला नक्की माहीत नव्हतं. नंबर त्याने दिला. मी लावला, तर तो संपर्काच्या बाहेर. त्या डोंगरात रेंज वाऱ्यावर हिंडत असते.

मी मलकापुरातल्या दवाखान्यांचे नंबर मोबाईलवर शोधले. पहिल्या ठिकाणी एका नर्सबाईने फोन घेतला. मी फॉर्मवरचं नाव सांगितलं. "ह्या नावाची कोन न्हाई इथं," ती म्हणाली. दुसऱ्या ठिकाणीही तेच उत्तर. तिसरा फोन कुणी उचललाच नाही. मी फॉर्म हातात धरून त्या नावाकडे बघत बसले. नाव बरोबर होतं, अक्षर माझंच होतं, आणि एवढ्या पंचक्रोशीत त्या नावाची बाई कुठेच नव्हती.

मग मला माझंच नाव आठवलं. म्हणजे जुनं, माहेरचं. आमच्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरतात आणि नवऱ्यामुलाकडून अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहून घेतात. लोक टाळ्या वाजवतात, तांदूळ पुन्हा डब्यात जातात, आणि त्या दिवसापासून ती मुलगी सासरी दुसरीच कुणीतरी असते. माहेरच्या वेशीत शिरली की पुन्हा पहिलीच. अव्वा मला शेवटपर्यंत जुन्या नावाने हाक मारायची. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून ते माझ्याही लवकर ध्यानात आलं नाही.

मी पुन्हा नवऱ्याला फोन केला. या वेळी त्याने पहिल्याच घंटेला उचलला, तो बाहेरच थांबला होता. "तिचं माहेरचं नाव काय?"

"माहेरचं?" तो गोंधळला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, त्याला ते आठवून सांगावं लागलं. मग हळूच म्हणाला, "आधार कार्ड आजून त्याच नावाचं हाय. बदलायचं हुतं, ऱ्हायलंच."

पहिल्या दवाखान्यातल्या त्याच नर्सबाईने फोन घेतला. मी नवं, म्हणजे जुनं नाव सांगितलं. "व्हय, हाय की. आतच हाय. पानी गेलंय, पर आजून वेळ हाय, पयलीच खेप हाय तिची." मी भराभरा सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, तोंडी सांगून आमी इंजेक्शन देत न्हाई. माझ्या मोबाईलचा लंबर घ्या, कागद पाठवा. मी डॉक्टरांस्नी दावतो."

बरोबरच होतं तिचं. मी आमच्या डॉक्टरांना पुन्हा फोन लावला, दोनदा. उचलला नाही, अक्षता पडत असतील. रिपोर्टवर सही करायचा मला अधिकार नाही. सतरा वर्षं मी प्लेटा वाचत आले आणि खाली सही दुसऱ्याची. मी लेटरहेडचा एक कागद घेतला, त्यावर दोन्ही नावं लिहिली, सासरचं आणि माहेरचं, जंतूचं नाव लिहिलं, 'तातडीची प्राथमिक माहिती' असं वर ठळक लिहिलं आणि खाली माझी सही केली. त्याचा फोटो काढला, प्लेटवरच्या बाणाचाही काढला आणि दोन्ही नर्सबाईच्या नंबरवर पाठवले. निळ्या खुणा उमटेपर्यंत मी फोन खाली ठेवला नाही. पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला, की डॉक्टरांनी बघितलं, पेनिसिलिनची ॲलर्जी नाही, चालू करत आहेत. पावणेअकरा वाजले होते.

पुढचं काम माझ्या हातात नव्हतं. मी घरी जाऊ शकले असते. कळंब्याला दोन खोल्या आहेत, गॅलरीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो, सकाळची भाकरी डब्यात होती. पण तिथे जाऊन मी काय केलं असतं? लॅबमध्ये निदान ती प्लेट होती. मी उरलेल्या प्लेटा वाचल्या, मग ओटा पुसला, मग पुसलेला ओटा परत पुसला. डबा उघडून दोन घास खाल्ले. खालच्या गल्लीत मटण खाऊन सुस्तावलेला कोल्हापूरचा रविवार झोपला होता. चार तास म्हणजे पावणेतीनपर्यंत तरी बाळाने थांबायला हवं, एवढंच मी धरून बसले होते. पावणेतीन झाले. कुणाचा फोन आला नाही. बाळ झालं तरी मला का करतील म्हणा, मी कोण त्यांची?

दुपारी साडेतीनला मी रडले. फार नाही. त्या लॅबमध्ये इतक्या वर्षांत कधी रडले नव्हते. ते त्या पोरीसाठी होतं की माझ्या पोरीसाठी, ते मला सांगता येणार नाही. अव्वासाठी नक्की होतं.

सव्वासहाला मी शटर ओढायला खाली उतरणार, तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, मी बोलाय लागलोय. त्या दिशी आल्तो न्हवं आमी, मलकापूरच्या." आवाजामागे वारा होता, रेंजसाठी ती कुठेतरी उघड्यावर येऊन उभी असणार. "पोरगी झाली बघा. पाच वाजता."

"रडली का?"

"रडली? आवो, समदा दवाखाना गोळा केला तिनं."

"अंगावर प्यायली?"

"व्हय की. जरा बारीक हाय, पर वढती चांगली. डॉक्टर म्हनले दोन दिस इथंच ठेवायची, लक्ष ठेवतो. इंजेक्शान टायमात मिळालं म्हनले. नर्सबाईंनी तुमचा लंबर दिला."

माझ्या जिवात जीव आला. मी जिन्याच्या पायरीवरच बसले. ती मात्र फोन ठेवेना.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा की."

"म्या हिला यष्टीनं आनली. रस्ता तसला, खड्ड्याखड्ड्याचा. त्येनंच लवकर दुखाय लागलं आनि ह्यो जंतू बी त्येनंच झाला, आसं हिची सासू फोनवर म्हनाय लागली. माझ्या घरात आनून माझ्यामुळं झालं का वो ह्ये?"

मी भिंतीला टेकून बसले होते, ती ताठ झाले. हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता, शेंगा फोडताना, आणि मी 'जाऊ दे' म्हणाले होते.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "नीट ऐका, ताई. जंतू तुम्ही दोघी गाडीत बसायच्या आधीपासून होता. तो बसमुळे झाला नाही, तुमच्या घरामुळे झाला नाही, तुमच्यामुळे झाला नाही. तुमच्या लेकीचंही काही चुकलं नाही. तो कुणाच्याही अंगात असतो. बहुतेक माझ्याही होता. माझी मुलगी गेली, दुसऱ्या दिवशी. लोकांनी माझ्या आईला बोल लावला. तिचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं, आणि हे मी तिला जिवंतपणी सांगितलं नाही."

हे सगळं मी एका दमात बोलले, एका अनोळखी बाईशी, निम्म्या शटरच्या जिन्यात बसून.

"आक्का," ती म्हणाली. मघाची मॅडम कुठे गेली कोण जाणे. "मग बाळाला न्हाऊ मीच घालू न्हवं? सकाळधरनं मन धजंना."

"डॉक्टर सांगतील त्या दिवशी घाला. पण तुम्हीच घाला. दुसऱ्या कुणाला घालू देऊ नका."

"पानी कसलं घिऊ?"

"कोपर घालून बघा," मी म्हणाले.